लेखापरीक्षकांचा शेरा आणि एक न भरता येणारी नोंदवही

गोदाकाठचा कारकून | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, हा धागा 'गणित' विभागात टाकावा की 'तक्रारीं'त, हे ठरेना. संपादकांनी हलवला तरी चालेल.

निवृत्तीनंतर मी नाशिकातल्याच एका छोट्या वाचनालयात रोज सकाळी दोन तास जातो. पगार नाही, चहा आहे. काम दप्तराचं. कपाट क्रमांक ३ मध्ये आमच्या अकरा नोंदवह्या असतात: दाखल, देवघेव, सभासद, वर्गणी, अनामत, नियतकालिकं, बाद पुस्तकं, बांधणी, डेडस्टॉक, सभावृत्त आणि स्टेशनरी.

यातली शेवटची जरा वेगळी आहे. वाचनालयात येणारी प्रत्येक कोरी वही स्टेशनरीच्या नोंदवहीत चढते. आणि ती नोंदवही स्वतःही एके काळी कोरी वहीच होती ना! पहिल्या पानावर पहिलीच ओळ आहे: 'दोनशे पानी नोंदवह्या, नग १२', समोर रकान्यात बारीक अक्षरात 'पैकी एक हीच'. कुणा जुन्या कारकुनाचं अक्षर आहे, वळणदार. म्हणजे ही नोंदवही स्वतःची नोंद स्वतःच ठेवते. बाकीच्या दहा तसं करत नाहीत. दाखल नोंदवहीत पुस्तकं आहेत, ती स्वतः नाही.

यंदाच्या तपासणीत याच्यामुळे एक वही दोनदा मोजली गेली. लेखापरीक्षकांनी शेरा मारला, तो जसाच्या तसा देतो:

'ज्या नोंदवह्यांची नोंद त्या-त्या नोंदवहीतच झालेली नाही, अशा सर्व नोंदवह्यांची एक स्वतंत्र नोंदवही ठेवण्यात यावी. तीत अन्य कोणतीही नोंद नसावी. दोष दुरुस्ती अहवाल सादर करावा.'

वाचायला सरळ आहे. मेन रोडवरून लाल कापडी पाठीची शंभर पानी वही आणली, रकाने आखले, दहा नावं लिहिली. अकराव्या ओळीवर पेन थांबलं. ही लाल नोंदवहीसुद्धा एक नोंदवहीच आहे. तिची नोंद तिच्यात नाही, म्हणजे शेऱ्याप्रमाणे ती इथे लिहायला हवी. लिहायला गेलो, तर तिची नोंद तिच्यातच झाली, मग शेऱ्याप्रमाणे ती इथे नको. खोडली, की पुन्हा हवी.

चहा गार झाला. चाळीस वर्षं सरकारी कागद हाताळले, पण अंमलबजावणीच करता येत नाही असा शेरा पहिल्यांदाच पाहिला. काय करावं?

तर्री कमी | शनिवार, रात्री ९:५८

पेन्सिलीने लिहा.

द्राक्षबागवाला, दिंडोरी | शनिवार, रात्री १०:११

काका, यात काय एवढं? तारीख टाका. 'दिनांक ३१ मार्च अखेर ज्या नोंदवह्यांची नोंद इत्यादी.' ३१ मार्चला तुमची लाल वही जन्मलीच नव्हती. प्रश्न मिटला.

गोदाकाठचा कारकून | शनिवार, रात्री १०:२०

@द्राक्षबागवाला, हे मलाही सुचलं होतं. पण पुढच्या ३१ मार्चला ती जन्मलेली असेल. तेव्हा दुसरी लाल वही आणू? मग तिसरी? एक आख्खं कपाट लाल वह्यांचं होईल.

मास्तरीण | शनिवार, रात्री ११:०५

कारकूनकाका, दंडवत. मी अकरावी-बारावीला गणित शिकवते, आणि तुमचा शेरा वाचून खुर्चीतून उठून घरात फेऱ्या मारल्या. तुमच्या लेखापरीक्षकांनी, त्यांच्याही नकळत, बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञ-गणितज्ञाला १९०१ मध्ये सापडलेला विरोधाभास शासकीय मराठीत लिहून काढलाय. 'नोंदवही'च्या जागी 'संच' घाला: जे संच स्वतःचे घटक नाहीत, अशा सर्व संचांचा संच. तो स्वतःचा घटक आहे का? आहे म्हटलं तर नाही, नाही म्हटलं तर आहे.

न्हाव्याची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल: गावात जे स्वतःची दाढी करत नाहीत अशा सर्वांची आणि फक्त त्यांचीच दाढी करणारा न्हावी. मला ती फारशी आवडत नाही. कारण तिथे 'असा न्हावीच नाही' म्हणून सुटता येतं, आणि कुणाचं काही बिघडत नाही. संचांचं तसं नव्हतं. गोटलोब फ्रेगे नावाचा जर्मन गणिती सगळं अंकगणित निव्वळ तर्कावर उभं करायला बसला होता. कुठलाही गुणधर्म सांगा, तो असणाऱ्या सगळ्यांचा एक संच असतोच, हे त्याच्या इमारतीतलं एक जोतं. पहिला खंड १८९३ मध्ये आला. दुसरा छापखान्यात असताना, १६ जून १९०२ या तारखेचं रसेलचं पत्र हातात पडलं. पत्र छोटंच होतं. फ्रेगेने आठवड्याभरात उत्तर धाडलं आणि आपण हादरलोय हे मोकळेपणी कबूल केलं. १९०३ मध्ये खंड निघाला तेव्हा शेवटी त्याने एक परिशिष्ट जोडलं: पाया असा असा हलला आहे. आपल्याच ग्रंथाच्या शेवटी असं लिहायला काय छाती लागत असेल!

तुमची 'दुसरी लाल वही, तिसरी लाल वही' ही युक्ती रसेलने खरोखरच वापरली, बरं का. वस्तू पहिल्या मजल्यावर, वस्तूंचे संच दुसऱ्या, संचांचे संच तिसऱ्या. प्रत्येक वहीने फक्त खालच्या मजल्यावरच्यांची नोंद घ्यायची, आणि मजले अनंत. व्हाइटहेड या गणितज्ञाबरोबर त्याने १९१० ते १९१३ मध्ये तीन जाडजूड खंड लिहिले. त्यात एक अधिक एक बरोबर दोन इथपर्यंत पोचायलाच साडेतीनशेहून जास्त पानं गेली.

तर्री कमी | शनिवार, रात्री ११:१२

साडेतीनशे पानं?? आमच्या पहिलीच्या बाईंनी दोन चिंचोक्यांत भागवलं होतं.

शून्य शिल्लक | रविवार, सकाळी ७:३०

शब्दांचे खेळ आहेत सगळे. दहा-बारा वह्या, त्यात अनंत कुठून आला? आणि पायाच असा पोकळ असेल, तर होळकर पूल इतकी वर्षं उभा कसा?

पंचवटीकर | रविवार, सकाळी ८:४५

पुलाचं मास्तरीणबाई बघतील. अनंतावर मी बोलतो, कारण मी अनंत पाहिलाय. निदान जवळून.

२०१५चा सिंहस्थ. दुसऱ्या शाहीस्नानाची आदली रात्र. पंचवटीत आमचा जुना वाडा, रामकुंड पायी पाच मिनिटांवर, म्हणजे ओळखीचा-बिनओळखीचा प्रत्येक माणूस आमच्याकडे. माजघरात खिडकीपासून ओळीने अंथरुणं. रात्री अकराला एक काका आले, आजी म्हणाली, "सरका रे एकेक." सगळी ओळ एक अंथरूण सरकली, खिडकीशी जागा झाली. साडेअकराला मावशी. सरका. बाराला मावशीच्या नणंदेचे यजमान. सरका. ओळीच्या शेवटी माझा मावसभाऊ झोपला होता, त्याच्या पलीकडे गव्हाची कोठी. चौथ्या 'सरका'ला तो उठून बसला आणि म्हणाला, "आजी, आता मी कोठीत झोपू का?"

गंमत अशी की या सगळ्यात अडचण फक्त कोठीची होती. ओळ अनंत असती तर शेवटचा म्हणून कुणी नसताच. एक पाहुणा आला, सरका, पहिली जागा मोकळी. कितीही वेळा. कोठी येतच नाही! हिल्बर्ट नावाच्या गणितज्ञाने १९२४-२५च्या व्याख्यानांत हेच हॉटेलच्या खोल्या घेऊन सांगितलं होतं. मी ते नंतर वाचलं आणि मला मावसभाऊ आठवला.

अनंत पाहुण्यांची गाडी आली तरी हरकत नाही. पहिल्याने दुसऱ्या अंथरुणावर जावं, दुसऱ्याने चौथ्या, तिसऱ्याने सहाव्या. विषम अंथरुणं सगळी मोकळी. म्हणजे सम संख्या 'निम्म्या' असूनही सगळ्या संख्यांइतक्याच भरतात. गॅलिलिओने १६३८ मध्ये वर्गसंख्यांवरून हेच पाहिलं: १, ४, ९, १६ या जसजसं पुढे जावं तशा विरळ होत जातात, तरी प्रत्येक संख्येला तिचा एक वर्ग आहेच. त्याने निष्कर्ष काढला की कमी, जास्त, समान हे शब्द अनंताला लावूच नयेत.

गॅलिलिओ जिथे थांबला तिथून पुढे जायला कॅन्टर नावाचा जर्मन गणिती यावा लागला.

उगाच काहीतरी | रविवार, सकाळी ९:०२

हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. 'पूर्णमदः पूर्णमिदम्', पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं. शिवाय रामानुजनने १+२+३+... = उणे एक बारांश सिद्ध केलंय. पाश्चात्त्यांना काय सांगायचं!

खानदेशी, सध्या सिडको | रविवार, सकाळी ९:५०

@उगाच, दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करताय. रामानुजनने हार्डी या इंग्रज गणितज्ञाला १९१३ मध्ये धाडलेल्या पत्रात ते उणे एक बारांश आहे, खरं. पण तिथे 'बेरीज' या शब्दाचा अर्थच वेगळा घेतलाय. किराणा दुकानातल्या बेरजेने ती रक्कम वाढतच जाते.

आपल्याकडे काय होतं ते मात्र नीट सांगायला मला आवडेल, कारण भास्कराचार्यांचा विषय निघाला की आमच्या भागातल्या माणसाला गप्प बसवत नाही. चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला दान मिळालं, असं त्यात कोरलंय. तर 'बीजगणिता'त भास्कराचार्य शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हणतात आणि लिहितात:

अस्मिन्विकारः खहरे न राशावपि प्रविष्टेष्वपि निःसृतेषु।
बहुष्वपि स्याल्लयसृष्टिकालेऽनन्तेऽच्युते भूतगणेषु यद्वत्॥

कितीही मिळवा, कितीही काढा, खहर राशीत फरक पडत नाही. प्रलयात सगळे जीव अच्युतात शिरतात, सृष्टीच्या वेळी बाहेर येतात, त्याला काही होत नाही, तसं. पंचवटीकरांच्या आजीचं 'सरका रे' हे याच्याशी किती जुळतं बघा! त्याआधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं लिहून टाकलं होतं. भास्कराचार्य त्याच्या पुढे गेले, पण त्यांनीही पुढे शून्याने गुणून शून्यानेच भागलं की मूळ संख्या परत येते असा नियम दिला, आणि तो चालत नाही. जैन ग्रंथांत संख्यात, असंख्यात आणि अनंत असे वर्ग, त्यांचे पुन्हा पोटभेद. म्हणजे अनंताचेही प्रकार असू शकतात ही कल्पना इथे होती. पण एक अनंत दुसऱ्यापेक्षा मोठा आहे याची सिद्धता जर्मनीतल्या हाले गावात, कॅन्टरच्या हातून झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करायला काय हरकत आहे?

गोदाकाठचा कारकून | रविवार, सकाळी १०:१५

अवांतर: आपल्याकडे काय होतं असा विषय निघालाच आहे, तर नाशिकचा एक मुद्दा माझाही. पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. तीन हजार कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, ठेव. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे (म्हणजे व्यवसाय-संघाकडे), दरमहा शेकडा एक व्याजाने, हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. भिक्षूंच्या चिवरांचा खर्च त्यातून. आणि शेवटी काय लिहिलंय? हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि दप्तरात नोंदवलं. दगडावर कोरलं तरी समाधान नाही, वर नोंद वेगळी. आमची जमात तेव्हापासून इथे आहे.

बाकी, मुख्य प्रश्न तसाच आहे. अहवाल सोमवारनंतर आठवड्यात द्यायचाय.

मास्तरीण | रविवार, सकाळी ११:३०

शून्य शिल्लक यांनी विचारलं, वह्यांत अनंत कुठून आला. उलट विचारा: अनंतातून वही कशी आली. हा भाग मला सावकाश सांगू द्या, कारण सगळ्या धाग्याचा गाभा इथे आहे.

हजेरीपट घ्या. प्रत्येक ओळीत एक विद्यार्थी, प्रत्येक रकान्यात एक दिवस. ह म्हणजे हजर, गै म्हणजे गैरहजर. दिवस अनंत, ओळीही अनंत. समजा मी छातीठोकपणे म्हणते की हजेरीचा जो जो नमुना संभवतो, तो तो माझ्या पटात कुठल्या ना कुठल्या ओळीत आहेच. सुरुवात अशी:

ओळ १: ह ह गै ह ...
ओळ २: गै गै गै ह ...
ओळ ३: ह गै ह ह ...
ओळ ४: गै ह ह गै ...

आता तिरकं उतरा. पहिल्या ओळीचा पहिला दिवस, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा: ह, गै, ह, गै. प्रत्येक ठिकाणी उलटं करा: गै, ह, गै, ह, आणि असंच पुढे. हा नमुना एका नव्या मुलीचा समजा. ती पहिल्या ओळीत आहे? नाही, पहिल्याच दिवशी तिचं पहिल्याशी जुळत नाही. दुसऱ्या ओळीत? दुसऱ्या दिवशी जुळत नाही. शंभराव्या ओळीत? शंभराव्या दिवशी. ती कुठेच नाही. पट पुरा आहे असं मी म्हटलं होतं, तो पुरा नव्हता.

वर्गात इथे एखादा हमखास म्हणतो, "मग लिहा ना मॅडम तिला!" लिहू. पंचवटीकरांच्या आजीसारखं सगळ्यांना एक ओळ सरकवू आणि तिला पहिल्या ओळीत बसवू. नवा पट झाला. पुन्हा तिरकं उतरा. नवी मुलगी दारात उभी! अंथरुणांची ओळ कुणालाही सामावून घेत होती, इथे मात्र सरकून भागत नाही. हा अनंत त्या अनंतापेक्षा मोठा आहे.

गेऑर्ग कॅन्टरने वास्तव संख्या (दशांश चिन्हापुढे अनंत अंक चालतात त्या) अशा ओळीत बसत नाहीत हे १८७४ मध्ये दुसऱ्या वाटेने दाखवलं होतं, ही तिरकी युक्ती १८९१ची. त्यानेही आकडे घेतले नव्हते, एम आणि डब्ल्यू अशी दोन अक्षरं घेतली होती, आपल्या ह आणि गै सारखी. क्रोनेकरसारख्या वजनदार गणितज्ञाने त्याला कायम विरोध केला. १९१८ मध्ये हालेच्या मनोरुग्णालयात तो वारला. विरोधामुळे वेड लागलं असं सर्रास लिहितात, मला ते फार सोपं वाटतं, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

आता पुढे. कुठलाही संच घ्या, त्याच्या उपसंचांचा संच त्याहून मोठा निघतो, याच युक्तीने. म्हणजे सर्वांत मोठा अनंत नाहीच. रसेलला हे खटकलं. त्याने विचार केला: मग 'जगातल्या सर्व गोष्टींचा संच' घेतला तर? त्याहून मोठं काय असणार? आणि त्याने कॅन्टरची तिरकी रेघ त्या 'सर्व' मधून ओढून पाहिली.

कारकूनकाका, एका कागदावर तुमच्या अकरा नोंदवह्या ओळींत लिहा, त्याच अकरा रकान्यांतही लिहा. या वहीत त्या वहीची नोंद असेल तर ह, नसेल तर गै. तिरकं उतरा: स्टेशनरीपाशी ह, बाकी सगळीकडे गै. उलटं करा. काय मिळालं? लेखापरीक्षकांनी मागवलेली लाल वही! ती म्हणजे माझ्या पटातली दारात उभी असलेली मुलगी. कॅन्टर म्हणाला, "ती पटात नाही, म्हणजे पट अपुरा." त्याला त्यातून प्रमेय मिळालं. फ्रेगेने आधीच शब्द देऊन ठेवला होता की पटात सगळे आहेत. त्याच्या वाट्याला विरोधाभास आला. हिशेब एकच, फक्त 'सर्व' हा शब्द आधी उच्चारला की नाही, एवढाच फरक.

म्हणून मला नेहमी वाटतं, अनंताला फुकट बदनाम केलंय. अनंत सरळ वागतो. घात करतो तो 'सर्व'.

तर्री कमी | रविवार, दुपारी १२:०१

मास्तरीणबाई, मिसळ गार झाली वाचता वाचता. पण ते तिरकं उतरणं पेपरवर काढून पाहिलं आणि अंगावर काटा आला. खरंच सांगतो. +१

शून्य शिल्लक | रविवार, दुपारी १:२०

मान्य, युक्ती चांगली आहे. पण पुलाचं राहिलं.

मास्तरीण | रविवार, दुपारी ४:१०

पुलाला जे गणित लागतं ते फ्रेगेच्या आधीही होतं, नंतरही राहिलं. इमारत आधी उभी होती, पाया नंतर तपासायला घेतला. तपासताना तडा दिसला म्हणून वरची मंडळी खाली पडली नाहीत.

पण तुमच्या प्रश्नात एक बोच आहे, ती खरी आहे. पुन्हा असा तडा निघणार नाही याची हमी काय? हिल्बर्टला ती हमी हवी होती. सगळं गणित काटेकोर नियमांत मांडायचं आणि त्या नियमांतून कधीही विसंगती निघणार नाही हे साध्या, मर्यादित साधनांनी सिद्ध करायचं. ८ सप्टेंबर १९३० रोजी क्योनिग्सबर्गला त्याने भाषणात ठणकावलं: आपल्याला कळलंच पाहिजे, आणि कळेलच. हेच शब्द पुढे त्याच्या थडग्यावर कोरले. आणि आदल्याच दिवशी, त्याच शहरात, एका चर्चेच्या शेवटी कुर्ट ग्योडेल नावाचा २४ वर्षांचा मुलगा शांतपणे सांगून गेला होता की अशा नियमांत खरी असूनही सिद्ध न होणारी विधानं राहतात. पुढच्या वर्षी सविस्तर निबंध छापला. त्यातला दुसरा निष्कर्ष काकांच्या भाषेत असा: अंकगणित पेलणारी कुठलीही सुसंगत नियमावली स्वतःच्या सुसंगतीचं प्रमाणपत्र स्वतः देऊ शकत नाही. बाहेरचा लेखापरीक्षक लागतो, आणि त्याचे हिशेब तपासायला आणखी बाहेरचा.

आणि ग्योडेलची सिद्धताही तिरकं उतरूनच, बरं का. 'माझी सिद्धता नाही' असं स्वतःविषयी म्हणणारं वाक्य त्याने संख्यांच्या भाषेत घडवलं. आपल्याकडे भिंतीवर मोठ्ठ्या अक्षरांत 'या भिंतीवर काहीही लिहू नये' असं रंगवलेलं असतं, ते पाहिलं की मला दर वेळी तो आठवतो.

टीवायचा मुलगा | रविवार, सायंकाळी ६:४५

मॅडम, अंथरुणांचा अनंत लहान आणि हजेरीपटातल्या नमुन्यांचा मोठा, हे कळलं. मग या दोहोंच्या मध्ये एखादा तिसरा अनंत आहे का? सरांना विचारलं तर म्हणाले, सिलॅबसमध्ये नाही.

मास्तरीण | रविवार, रात्री ८:२०

अरे वा! कॅन्टरला वाटत होतं की मध्ये काहीच नाही. हिल्बर्टने १९०० मध्ये पॅरिसला जी प्रश्नांची यादी मांडली, तीत हा पहिल्या क्रमांकावर होता. ग्योडेलने १९३८च्या सुमारास दाखवलं की आजच्या रूढ गृहीतकांतून कॅन्टरचं म्हणणं खोटं पाडता येणार नाही. पॉल कोहेनने १९६३ मध्ये दाखवलं की ते खरंही ठरवता येणार नाही. दोन्ही बाजूंनी दार बंद. 'मग खरं काय?' यावर मोठमोठ्या गणितज्ञांत आजही एकमत नाही. तुझे सर चुकीचं बोलले नाहीत.

लघुलेखक, नाशिकरोड | रविवार, रात्री ९:३३

सगळा धागा आत्ता वाचला. मंडळी ज्ञानी आहेत, पण काकांना अहवाल द्यायचाय हे विसरलेली दिसतात.

मी पस्तीस वर्षं साहेबांची पत्रं टंकली. 'सर्व' हा शब्द दिसला की मी विचारायचो, "साहेब, कुठले सर्व?" 'सर्व कर्मचाऱ्यांनी' असं परिपत्रक काढलं की दुसऱ्या तालुक्यातले फोन करतात. कारकूनकाका, वहीच्या मुखपृष्ठावर असं लिहा: 'कपाट क्रमांक ३ मधील ज्या नोंदवह्यांची नोंद इत्यादी.' आणि लाल वही कपाट क्रमांक ३ मध्ये ठेवूच नका. टेबलावर ठेवा. ती कपाटातली नाही, त्यामुळे तिची नोंद तिच्यात करायचा प्रश्नच येत नाही. दहा नावं लिहा, खाली दुहेरी रेघ मारा, सही करा.

मास्तरीण | रविवार, रात्री ९:५०

लघुलेखक, तुम्ही काय लिहून गेलात ठाऊक आहे? हाच तोडगा अर्न्स्ट त्सेर्मेलो या जर्मन गणितज्ञाने १९०८ मध्ये काढला. त्याला हा विरोधाभास रसेलच्या आधीच, स्वतंत्रपणे सापडला होता, पण त्याने गाजावाजा केला नाही. त्याचा नियम असा: हवेतून 'असा गुणधर्म असलेले सर्व' असं म्हणायचं नाही. आधी एक तयार संच दाखवायचा, मग त्यातून निवडायचं. आधी कपाट, मग यादी. लगेच विरोधाभासाचं रूपांतर निरुपद्रवी प्रमेयात होतं: ही वही या कपाटात असू शकत नाही. कुठलंही कपाट घ्या, त्याची लाल वही त्याच्या बाहेरच. म्हणून सगळं मावेल असं कपाटच नाही. पुढे फ्रेंकेल आणि स्कोलेम यांनी नियमावलीत भर घातली. आज जगभर गणिताच्या विभागांत बहुतेक सगळं याच कपाट-पद्धतीवर चालतं.

रसेलच्या मजल्यांपेक्षा हे किती सुटसुटीत! माझं मत विचाराल तर याचं कारण एकच, हा माणूस कारकुनासारखा विचार करत होता.

द्राक्षबागवाला, दिंडोरी | रविवार, रात्री १०:०५

आमची तारीखपण तशी बरोबरच होती म्हणायची. थोडी रसेलकडे झुकलेली.

गोदाकाठचा कारकून | सोमवार, रात्री ९:१५

लघुलेखक, लाख धन्यवाद. मुखपृष्ठावर तसंच लिहिलं, दहा नावं, दुहेरी रेघ, सही, शिक्का. वही टेबलावर, फुलदाणीच्या शेजारी ठेवली. अहवाल दिला. चहा गरम प्यायलो.

गोदाकाठचा कारकून | पुढच्या महिन्यातला गुरुवार, दुपारी ३:४०

धागा वर काढतोय, क्षमस्व. फेरतपासणी झाली. लेखापरीक्षक स्वतः आले होते. लाल वही उघडून पाहिली, दहाही नावं कपाटातल्या वह्यांशी ताडून पाहिली, 'ठीक' म्हणाले. मग टेबलाकडे, फुलदाणीकडे आणि पुन्हा वहीकडे पाहिलं आणि नवा शेरा लिहिला:

'सदर नोंदवही उघड्यावर आढळली. ती तत्काळ कपाट क्रमांक ३ मध्ये ठेवण्यात यावी.'